अंधारात थांबण्याची मुदत

'थीफ' हा गेम ज्यांनी मन लावून खेळला आहे, त्यांना त्यातली धावपळ फारशी आठवत नाही. आठवते ते थांबणे. मशालीचा उजेड जिथे जेमतेम संपतो अशा कोपऱ्यात भिंतीला पाठ लावून उभे राहायचे आणि पहारेकऱ्याची पावले ऐकायची. दगडी फरशीवर ती टकटक वाजतात, गालिच्यावर आली की मऊ होतात, लोखंडी जाळीवर खणखणतात. तो वळला, लांब गेला, पुन्हा वळला, हे सगळे कानांनी ठरवायचे आणि मगच पहिले पाऊल उचलायचे. हा गेम पहिल्यांदा हाती आला तेव्हा मी तो इतर गेमसारखाच खेळायला गेलो, म्हणजे तलवार उपसून दारातून आत शिरलो, आणि तासाभरात पाच-सहा वेळा मेलो. त्यानंतर एका रात्री केवळ हट्टाने मी एका जिन्याखाली सात-आठ मिनिटे नुसता उभा राहिलो. पहारेकरी समोरून गेला, परत आला, स्वतःशी काहीतरी पुटपुटला, पुन्हा गेला. काहीही न करता आपण इतके गुंतलो आहोत हे ध्यानात आले, तेव्हा हेडफोनखाली माझ्या कानांना घाम फुटला होता.

हा गेम बनवणारा लुकिंग ग्लास स्टुडिओज 24 मे 2000 रोजी बंद पडला. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील केंब्रिज येथे त्याचे कार्यालय होते, आणि 'थीफ'चा दुसरा भाग बाजारात येऊन त्या दिवशी जेमतेम दोन महिने झाले होते. गेम बनवणाऱ्या कंपन्या बंद पडण्यात नवल काहीच नाही. या धंद्यात दहा वर्षे टिकणे हेच दीर्घायुष्य समजले जाते. तरीही या एका स्टुडिओच्या अंताकडे माझे मन वारंवार वळते. खेळणाऱ्याला धीर धरायला शिकवणारा गेम ज्यांनी रचला, त्यांना स्वतःला आणखी काही महिने धीर धरण्याइतके पैसे कोठूनही मिळाले नाहीत, ही गोष्ट मला नुसती दुर्दैवी वाटत नाही. त्या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे असे मला वाटते. मीही काही वर्षे एका छोट्या गेम-चमूत काम केले आहे आणि तो चमू मोडताना पाहिला आहे. आम्ही नावाजण्याजोगे काही बनवले नाही, पण पैशाचे गणित मात्र तेच होते.

सुरुवात 1990 ची. पॉल न्यूरथ याने त्याआधी ओरिजिन सिस्टिम्स या कंपनीसाठी 'स्पेस रोग' नावाचा गेम केला होता. त्यानंतर त्याने न्यू हॅम्पशायरमधील सेलम येथे 'ब्लू स्काय प्रॉडक्शन्स' या नावाने स्वतःचा छोटा संसार थाटला. 'डंजन मास्टर'सारख्या त्या काळच्या तळघरांच्या गेममध्ये खेळणारा चौकोनाचौकोनांनी पुढे सरके. एक कळ दाबली की एक पाऊल, दुसरी दाबली की काटकोनात वळण. न्यूरथला हवे होते ते सलग चालणे, मान वर करून छताकडे पाहणे, उतारावरून घसरणे. एमआयटी या अमेरिकेतल्या तंत्रज्ञान संस्थेत शिकणारी किंवा तिथून नुकतीच बाहेर पडलेली काही तरुण मंडळी त्याच्याभोवती जमली आणि त्यांतला डग चर्च पुढे या सगळ्या घडामोडींचा कणा ठरला. ओरिजिनने आगाऊ दिलेली रक्कम 30,000 डॉलर होती; गेम पुरा होईपर्यंत खर्च सुमारे 4 लाख डॉलरवर गेला. मधले अंतर कोणी भरून काढले, तर मुख्यतः या मंडळींनीच, पदरमोड करून आणि न्यूरथचा मित्र नेड लर्नर याच्या आधीच्या एका गेमच्या रॉयल्टीतून. म्हणजे या स्टुडिओच्या जन्मातच एक उधारी होती: काम आधी, पैसा मागाहून. त्या वेळी ते साधले, आणि मला वाटते, एकदा साधले म्हणून ते पुन्हा साधेल असा विश्वासही तिथेच पक्का झाला.

मार्च 1992 मध्ये 'अल्टिमा अंडरवर्ल्ड' आला. पुढे ज्याच्या नावाने त्रिमितीय गेमचे युग ओळखले गेले तो 'वुल्फेन्स्टाइन थ्रीडी' त्यानंतर दोन महिन्यांनी, मे महिन्यात आला. तो वेगवान होता, सपाट होता, आणि वेगवान व सपाट असण्यातच त्याचे यश होते. 'अंडरवर्ल्ड' मात्र सावकाश होता. त्यातली त्रिमितीय खिडकी पडद्याचा जेमतेम काही भाग व्यापत असे आणि बाकी जागा सामानसुमानाला, नकाशाला, संवादाला गेलेली असे. पण त्या छोट्या खिडकीत चढ होते, पूल होते, पोहता येईल असे पाणी होते. मशाल विझत आली की अंधार खरोखर जवळ सरकत असे. तिथे राहणाऱ्या सरडमाणसांची स्वतःची बोली होती आणि तिच्यातले शब्द शिकल्याखेरीज त्यांच्याशी बोलणे होत नसे. शत्रू म्हणून दिसणाऱ्या प्राण्याची भाषा शिकायला लावणारा गेम त्या काळात बनतो आणि पुढे सुमारे 5 लाख प्रतींपर्यंत विकला जातो, याचे मला आजही अप्रूप वाटते. ही विक्री मात्र पहिल्या आठवड्यांत झालेली नाही. सुरुवात थंड होती. कर्णोपकर्णी कीर्ती पसरत गेली तसा गेम खपत गेला. या स्टुडिओचे गेम असेच खपत असत, आणि दुकानाच्या फळीला ही रीत मानवत नसे.

1992 मध्येच ब्लू स्काय आणि नेड लर्नरची कंपनी लर्नर रिसर्च एकत्र आल्या आणि लुकिंग ग्लास हे नाव रूढ झाले. 'अंडरवर्ल्ड'चा दुसरा भाग पहिल्यानंतर दहा महिन्यांतच, जानेवारी 1993 मध्ये बाजारात आला, आणि त्या घाईची थकावट ज्यांनी भोगली त्यांनी पुढचा गेम अगदी निराळा करायचे ठरवले.

तो गेम म्हणजे 1994 चा 'सिस्टिम शॉक'. त्यामागचा विचार मला फार आवडतो, कारण तो प्रामाणिक आहे. 'अंडरवर्ल्ड'मध्ये फिरणे, उचलणे, फेकणे, पाहणे हे सगळे पटत असे. समोरच्या पात्राशी बोलायला गेले की मात्र दोन-चार ठरीव वाक्यांतून एक निवडायचे, आणि तेवढ्याने सगळा भास विरून जात असे. संवाद खरा करता येत नाही हे त्यांनी मान्य केले आणि संवादच काढून टाकला. सिटाडेल नावाच्या अवकाशस्थानकावर तुम्ही जागे होता तेव्हा बोलण्यासाठी कोणी जिवंतच उरलेले नसते. उरलेल्या असतात त्या मेलेल्या माणसांच्या नोंदी, ध्वनिमुद्रिते, अर्धवट निरोप, आणि शोडान नावाची संगणकीय बुद्धी, जी सतत तुमच्यावर नजर ठेवून असते. कथा सांगण्याची ही युक्ती पुढे इतक्या गेमनी उचलली की आता ती कोणाला युक्तीही वाटत नाही. आधी तो गेम फ्लॉपींवर, आवाजांशिवाय विकला गेला आणि आवाजांसह सीडीवरची आवृत्ती मागाहून आली. ज्या गेमचा अर्धा जीव आवाजात आहे तो आधी मुका बाजारात जावा, हा निर्णय कोणाचा आणि का, याच्या तपशिलात मी जात नाही. पण प्रकाशकाचे वेळापत्रक आणि गेमची गरज यांतला तो जुनाच झगडा आहे.

दुसऱ्याचे वेळापत्रक नको असेल तर स्वतः प्रकाशक व्हावे, हा विचार कोणाच्याही मनात येईल तसा त्यांच्याही मनात आला. 1995 मध्ये 'फ्लाइट अनलिमिटेड' त्यांनी स्वतःच प्रकाशित केला. सीमस ब्लॅकली या भौतिकशास्त्राच्या माणसाने त्यात विमानाभोवतीच्या हवेचे गणित जागच्या जागी मांडणारी प्रणाली लिहिली होती. हाच ब्लॅकली पुढे मायक्रोसॉफ्टमध्ये जाऊन एक्सबॉक्सच्या जन्मदात्यांपैकी एक झाला. तो गेम उत्तम खपला. मग 1996 मध्ये 'टेरा नोव्हा' आला. सैनिकांच्या तुकडीला खुल्या मैदानावर हुकूम देण्याचा हा गेम अनेक वर्षे रेंगाळला होता आणि मध्येच त्यात नटांना घेऊन चित्रित केलेली दृश्ये घातली गेली होती, कारण त्या काळी सीडीवर दृश्ये नसली तर गेम जुनाट दिसतो अशी समजूत होती. त्याच्या लाखावर प्रती खपल्या आणि तरीही तो तोट्यात गेला. त्यांना जे बनवता येत होते त्यापेक्षा बाजार काय मागतो आहे याकडे पाहून खर्च केला गेला, आणि तो नेमका वाया गेला.

स्वतः प्रकाशक होणे म्हणजे डबे छापणे, साठा ठेवणे, दुकानदाराने परत पाठवलेला माल सोसणे, जाहिराती करणे. आणि यांतले प्रत्येक काम आधी पैसे मागते. 1997 उजाडेपर्यंत कंपनी कर्जात होती. 'स्टार ट्रेक'च्या 'व्हॉयेजर' मालिकेवरचा गेम रद्द झाला, टेक्सासमधील ऑस्टिनचे कार्यालय बंद झाले, माणसे मोठ्या संख्येने कमी केली गेली. त्याच वर्षी इंटरमेट्रिक्स या कंपनीने लुकिंग ग्लासला आपल्यात सामावून घेतले. अवकाशयानांसाठी प्रणाली लिहिणारी ही कंपनी; अपोलोच्या मार्गदर्शन-संगणकावर काम केलेल्या एमआयटीच्या मंडळींनी ती 1969 मध्ये काढली होती, आणि स्पेस शटलची एचएएल/एस ही संगणकीय भाषा तिचीच. तिच्या छत्राखाली चोराचा गेम तयार व्हावा यात मला थोडी गंमत वाटते. ही सोयरीक फार टिकली नाही. 1999 मध्ये लुकिंग ग्लास पुन्हा एकटा झाला.

'थीफ'चे काम चालले ते याच पडझडीच्या मधोमध. 1996 मध्ये सुरुवात झाली तेव्हा त्यात चोर नव्हताच. आधी 'बेटर रेड दॅन अनडेड' या नावाखाली साम्यवादी मृतात्म्यांशी तलवारीने लढण्याची एक चक्रम कल्पना होती. मग 'डार्क कॅमलॉट' आला, ज्यात राजा आर्थर खलनायक आणि मॉर्ड्रेड नायक होता. तलवारबाजीचे घोडे पुढे सरकेना. तेव्हा न्यूरथने सुचवले की यातला चोरीचा भागच तेवढा धरावा. सहकारी गेले, कामे अर्धवट राहिली, पहारेकऱ्यांच्या बुद्धीची पहिली रचना टाकून देऊन ती नव्याने लिहावी लागली. खेळायला मजा येते आहे असे बनवणाऱ्यांनाच वाटू लागले ते अगदी अखेरीस. मी हे वाचले तेव्हा मला आमच्या चमूतली ती अवघड संध्याकाळ आठवली, जेव्हा दीड वर्ष काम करूनही आम्ही एकमेकांना विचारत होतो की हे खेळायला नक्की कोणाला आवडेल, आणि कोणीच उत्तर देत नव्हते. फरक इतकाच की त्यांच्याकडे उत्तर होते. ते फक्त अजून जुळून आलेले नव्हते.

ते उत्तर नीट समजून घेण्याजोगे आहे, कारण ते कोठल्याही एका दृश्यात किंवा पात्रात सापडत नाही. 'थीफ'मधली प्रत्येक इमारत खोल्यांच्या जाळ्याच्या रूपात मांडलेली आहे. आवाज भिंत भेदून सरळ रेषेत येत नाही. तो दारांतून, बोळांतून, जिन्यांवरून वळणे घेत येतो, आणि वाटेत मंदावतो. खेळणाऱ्याच्या कानाला जे ऐकू येते ते या जाळ्यावरून ठरते, आणि पहारेकऱ्याला जे ऐकू जाते तेही याच जाळ्यावरून ठरते. म्हणजे दोघे एकाच हवेत उभे आहेत. पडद्याच्या तळाशी एक मणी असतो. तुमच्यावर किती उजेड पडतो आहे ते तो दाखवतो. पाण्याचा बाण मारला की मशाल विझते, शेवाळाचा बाण मारला की खणखणत्या फरशीवर मऊ बैठक तयार होते. पहारेकरी 'चोर दिसला' किंवा 'नाही दिसला' अशा दोनच अवस्थांत जगत नाही. आधी त्याला शंका येते, मग तो थबकतो, विचारतो, शोधायला निघतो, आणि काही न सापडल्यास उंदीर असावा अशी स्वतःची समजूत घालून परत फिरतो. सर्वांत कठीण पातळीवर माणूस मारायलाच मनाई आहे. शस्त्रे असलेल्या गेममध्ये शस्त्र न वापरणे हे कौशल्य ठरवायला 1998 च्या अखेरीस मोठे धाडस लागले असणार, कारण त्याच हंगामात 'हाफ-लाइफ' आला होता आणि जो तो बंदुकीच्या मागे उभा होता.

या व्यवस्थेतून जे घडते ते लेखकाने आधी लिहून ठेवलेले नसते. मी एकदा एका वाड्यात मेणबत्ती विझवून पुढे गेलो, आणि मागून येणारा नोकर अंधारात थबकला, त्याच्या आवाजाने दुसऱ्या खोलीतला पहारेकरी बाहेर आला, आणि त्यांच्या गोंधळात मी जी तिजोरी उघडायची आशा सोडली होती ती मोकळी मिळाली. हा प्रसंग कोणीही माझ्यासाठी रचलेला नव्हता. अशा गोष्टी घडाव्यात म्हणून नियम मात्र कोणीतरी महिनोन्‌महिने घासत बसले होते. आणि इथे माझा मूळ मुद्दा येतो: या प्रकारचे काम टप्प्याटप्प्याने दाखवता येत नाही. चित्रे दाखवता येतात, राक्षस दाखवता येतो, स्फोट तर फारच सहज दाखवता येतो. एकमेकांवर टेकलेले नियम मात्र, त्यांतला शेवटचा नियम जागेवर बसेपर्यंत, मोडक्या यंत्रासारखेच दिसतात.

प्रकाशक आणि स्टुडिओ यांच्यातला व्यवहार टप्प्यांवर चालतो. करारात ठरते की अमुक तारखेला अमुक इतके काम दाखवायचे. प्रकाशकाचा माणूस ते पाहतो, मंजूर करतो, आणि मग त्या टप्प्याचा हप्ता मिळतो. ही सगळी रक्कम आगाऊ रॉयल्टी समजली जाते. गेम विकला जाऊ लागला की स्टुडिओच्या वाट्याची रॉयल्टी आधी हे आगाऊ पैसे फेडण्यात जाते, आणि ते पूर्ण फिटल्यावरच पहिला नवा पैसा हाती येतो, तोही विक्रीचे हिशेब तिमाहीला होतात म्हणून महिनोन्‌महिने उशिराने. म्हणजे गेम पूर्ण होण्याचा दिवस हा स्टुडिओच्या आयुष्यातला सर्वांत सुखाचा आणि सर्वांत धोक्याचा दिवस असतो: त्या दिवशी शेवटचा हप्ता येतो आणि पगार मात्र चालूच राहतात. आमच्या चमूत भिंतीवरच्या पांढऱ्या फळ्याच्या एका कोपऱ्यात एक आकडा लिहिलेला असे. तो कशाचा हे नव्या माणसाला कोणी सांगत नसे. शिल्लक पैशांत किती आठवडे निघतील याचा तो आकडा होता. एकदा मंजूर झालेल्या टप्प्याचे पैसे अकरा आठवडे आले नाहीत. प्रकाशकाच्या दृष्टीने ती कागदपत्रांची किरकोळ दिरंगाई होती; आमच्या फळ्यावर मात्र त्या काळात चौदाचे तीन झाले. तिनाचे दोन होण्याआधी पैसे आले, पण तोवर आमच्यातले दोन चांगले प्रोग्रॅमर दुसरीकडे रुजू झाले होते, आणि ते गेले त्याला मी कधीही दोष दिला नाही.

'थीफ' 1998 च्या अखेरीस आयडॉस या ब्रिटिश प्रकाशकाने बाजारात आणला आणि तो स्टुडिओच्या सर्वाधिक खपलेल्या गेमपैकी एक ठरला. त्यानंतर ऑगस्ट 1999 मध्ये 'सिस्टिम शॉक 2' आला. लुकिंग ग्लासमधून बाहेर पडलेल्या केन लेविन, जोनाथन चे आणि रॉबर्ट फर्मियर यांनी इर्रॅशनल गेम्स नावाची कंपनी काढली होती; तिच्या साथीने हा गेम झाला. समीक्षकांनी त्याला डोक्यावर घेतले, शोडानच्या आवाजासाठी टेरी ब्रोशियस हिचे नाव आजही निघते, आणि विक्री मात्र बेताचीच झाली. विमानांच्या बाजूला 'फ्लाइट अनलिमिटेड 3' मायक्रोसॉफ्टच्या फ्लाइट सिम्युलेटरसमोर उभा राहिला आणि आपटला. लढाऊ विमानांचा आणखी एक गेम अंदाजापेक्षा कितीतरी जास्त पैसे खात अपुराच राहिला. मायक्रोसॉफ्टबरोबर चाललेला एक हेरगिरीचा प्रकल्पही मार्गी लागला नाही. एकाच वेळी पाच दिशांना हातपाय मारणाऱ्या कंपनीचे हे चित्र आहे, आणि बाहेरून पाहणाऱ्याला त्यात नियोजनाचा अभाव दिसेल. मला त्यात फळ्यावरचा आकडा दिसतो. आठवडे कमी उरले की माणूस मिळेल तो करार घेतो, प्रत्येक करार नवी माणसे मागतो, आणि ती माणसे उरलेले आठवडे आणखी कमी करतात.

'थीफ 2: द मेटल एज' मार्च 2000 मध्ये, आयडॉसचे आर्थिक वर्ष संपण्याच्या आत, बाहेर पडला. पहिल्या भागात प्रेते आणि भुते फार झाली होती अशी तक्रार होती. या वेळी ती बाजूला सारून बँका, गोदामे, माड्या, छपरे यांवर भर दिला गेला. त्यात एक लांबच लांब रात्र आहे, जिच्यात शहराच्या छपरांवरून उड्या मारत एका मनोऱ्यापर्यंत जायचे असते आणि वाटेत कोणाच्याही खिडकीतून आत डोकावता येते. माझ्या मते त्या चमूचे सर्वांत परिपक्व काम ते. गेम चांगला खपूही लागला. पण त्याच्या रॉयल्टीचा पैसा हाती यायला वेळ होता, आणि आयडॉस स्वतः त्या वर्षी मोठ्या तोट्यात रुतला होता. कंपनी कोणी विकत घ्यावी यासाठी बोलणी झाली, ती फसली, आणि मेच्या 24 तारखेला सगळे संपले.

याच महिन्यात 'डायकटाना' बाजारात आला. जॉन रोमेरो या नावाजलेल्या गेमकाराच्या आयन स्टॉर्म या स्टुडिओचा हा गेम वर्षानुवर्षे लांबला होता, त्यावर आयडॉसने अतोनात पैसा ओतला होता, आणि येताच त्याचे हसे झाले. त्यामुळे 'डायकटानाने लुकिंग ग्लासला मारले' हे वाक्य चाहत्यांमध्ये इतके रुजले की ते आता इतिहास म्हणून सांगितले जाते. मला ते कधीच पुरते पटले नाही. त्या कथेत एक उधळ्या आहे, एक गुणी गरीब आहे, आणि तारखाही सोयीस्कर जुळतात; म्हणूनच ती सांगायला बरी वाटते. आयडॉस सुस्थितीत असता तर कदाचित आणखी काही महिने निभावले असते, हे खरे. पण 'टेरा नोव्हा'चे कर्ज आयडॉसने दिलेले नव्हते आणि विमानांच्या प्रकल्पांतला खड्डा रोमेरोने खणलेला नव्हता. शिवाय त्या कथेतली एक अडचण कोणी सांगत नाही: त्याच आयन स्टॉर्मच्या ऑस्टिनमधल्या शाखेत वॉरन स्पेक्टर होता, जो आधी लुकिंग ग्लासच्या बंद पडलेल्या ऑस्टिन कार्यालयात होता, आणि पुढच्याच महिन्यात, जून 2000 मध्ये, त्याच आयडॉसच्या पैशावर त्याचा 'ड्यूस एक्स' आला. लुकिंग ग्लासच्या विचारांचा सर्वांत थेट वारस ज्या तिजोरीतून पोसला गेला ती हीच.

माणसे पांगली. 'थीफ'चा तिसरा भाग 2004 मध्ये आयन स्टॉर्मनेच केला आणि पुढच्या वर्षी तेही दुकान बंद झाले. इर्रॅशनलने 2007 मध्ये 'बायोशॉक' केला, ज्यात मेलेल्यांची ध्वनिमुद्रिते जागोजागी पडलेली आहेत. 'सिस्टिम शॉक'मधल्या पहिल्या कुलपाचा संकेतांक 451 होता. 'ड्यूस एक्स'मध्ये, 'बायोशॉक'मध्ये आणि नंतर कितीतरी गेममध्ये तो कोठल्या ना कोठल्या दारावर टाकावा लागतो, बहुधा आधी एक शून्य लावून. जाणकार खेळाडू दार दिसताच तो आकडा दाबून पाहतो आणि दार उघडले की हसतो. मीही हसतो, पण त्या हसण्यात थोडा संकोच असतो. एखाद्या घरच्या माणसांची ओळख फक्त त्यांच्या कुलपावरून पटावी, तसे काहीसे.

चाहत्यांनी मात्र निराळी वाट धरली. 'थीफ'चे संपादन-साधन उपलब्ध होते आणि लोक स्वतःच्या मोहिमा रचत होते; स्टुडिओ गेल्यावर हे काम थांबायच्या ऐवजी वाढले. एका गटाने पाच वर्षे खपून 13 मोहिमांची सलग मालिका 2005 मध्ये प्रसिद्ध केली. इतरांच्या सुट्या मोहिमांची संख्या आज हजाराच्या पुढे गेली आहे. जुने इंजिन, म्हणजे गेम चालवणारी मूळ प्रणाली, नव्या संगणकांवर अडखळू लागले तेव्हा हे सगळे संपणार असे वाटले होते. मग 2010 मध्ये ड्रीमकास्ट या जुन्या गेमयंत्राच्या विकासकांसाठीच्या साहित्यात त्या इंजिनाचा मूळ कोड सापडला, आणि 2012 मध्ये 'कावळा' या अर्थाचे फ्रेंच टोपणनाव घेतलेल्या कोणीतरी, कसलाही गाजावाजा न करता, त्या इंजिनाची दुरुस्त आवृत्ती लोकांपुढे ठेवली. रुंद पडदे चालू लागले, मर्यादा वाढल्या, जुन्या चुका गेल्या. काम करणाऱ्याने कोठल्याही टप्प्याचा हप्ता मागितला नाही, आणि अमुक तारखेला काही दाखवायचे असेही कोणी त्याला सांगितलेले नव्हते.

मी ती आवृत्ती बसवली आणि एका अनोळखी माणसाने रचलेली मोहीम उघडली. पावसाळी गल्ली, एक बंद वखार, दोन मशाली. पहिली मी बाणाने विझवली. दुसरी पोचेल अशा जागी नव्हती, म्हणून पिंपांच्या मागे जाऊन उभा राहिलो. मणी काळा झाला. आत कोठेतरी लाकडी फळ्यांवर पावले वाजत होती, आणि ती दाराकडे येताहेत की लांब जाताहेत हे मला अजून कळत नव्हते.